शिलकीवर जगलेली बोट

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर, किनाऱ्याच्या रस्त्याला लागून, वाळूवर एक पाणबुडी ठेवलेली आहे. आयएनएस कुरसुरा, क्रमांक एस-२०. लांबी ९१ मीटर, रुंदी साडेसात मीटर. आत शिरायचं, वाकत वाकत सात कप्पे ओलांडायचे आणि बाहेर पडायचं. रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासात सगळं पाहून होतं. बाहेर आल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: हिनं किती जहाजं बुडवली?

एकही नाही. १८ डिसेंबर १९६९ला ती नौदलात आली आणि २७ फेब्रुवारी २००१ला निवृत्त झाली. या ३१ वर्षांत ती ७३,५०० सागरी मैल फिरली, एका युद्धाच्या तोंडावर शत्रूच्या वाटेवर जाऊन बसली, पण शत्रूवर एकही पाणतीर (टॉर्पेडो) तिनं सोडला नाही. हे ऐकून माणसं जराशी हिरमुसतात. मला मात्र या बोटीचं सगळं आयुष्य त्या उत्तराच्या आत भरलेलं वाटतं. (पाणबुडीवरची माणसं तिला जहाज म्हणत नाहीत, बोटच म्हणतात. इथेही तेच म्हणतो.) डिझेल-विजेवरच्या पाणबुडीचं काम हा रोजच्या शिलकीचा हिशेब असतो. वीज किती उरली, हवा किती उरली, वजन किती वाढलं, कोणता सुटा भाग कुठून आणायचा. हा हिशेब ३१ वर्षं चुकू दिला नाही, म्हणून ती आज वाळूवर आहे, तळाशी नाही.

कुरसुराचा वर्ग सोव्हिएत संघाच्या ‘प्रकल्प ६४१’चा. पाश्चात्त्यांनी त्याला फॉक्सट्रॉट नाव दिलं आणि तेच रूढ झालं. भारतानं असल्या आठ बोटी घेतल्या. पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात नौदलात दाखल झाली; आपल्याकडे पाणबुडी दिन त्याच तारखेला असतो. मग १९६८मध्ये खांदेरी, १९६९मध्ये करंज आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कुरसुरा. १९७३-७४मध्ये वेला, वागीर, वागली आणि वागशीर या थोड्या सुधारित चार. यातली खांदेरी म्हणजे थळच्या समोरचा, शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये बांधायला घेतलेला जलदुर्ग, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. करंज हे नाव उरणजवळच्या करंजा बेटाकडे बोट दाखवतं.

२० फेब्रुवारी १९७०ला कुरसुरा घरी यायला निघाली. १९६७च्या अरब-इस्रायल युद्धापासून सुएझ कालवा बंद होता, तो उघडला १९७५मध्ये. त्यामुळे बाल्टिक समुद्रातून निघालेल्या बोटीला आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागला: स्वीडनचं गॉथेनबर्ग, स्पेनचं ला कोरुन्या, घानाचं ताकोराडी, मग केप ऑफ गुड होप आणि मॉरिशस. गोठलेल्या समुद्राच्या काठावरून निघून विषुववृत्त ओलांडायचं, केपचे वारे अंगावर घ्यायचे आणि पुन्हा उष्ण पाण्यात यायचं. नव्या बोटीची आणि नव्या खलाशांची याहून कडक परीक्षा कुणी मुद्दाम आखली नसती. फॉक्सट्रॉटचा पल्ला मात्र अशा सफरींसाठीच होता: आठ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) संथ चालीनं पाण्यावरून सुमारे २०,००० मैल.

आतली रचना पुढून मागे अशी. पहिल्या कप्प्यात पाणतिरांच्या सहा नळ्या आणि राखीव पाणतीर. दुसऱ्यात अधिकाऱ्यांच्या खोल्या, फळ्यांखाली बॅटरी. तिसरा नियंत्रण कक्ष, पेरिस्कोप इथेच. चौथ्यात खलाशांची राहण्याची जागा, खाली पुन्हा बॅटरी. पाचव्यात तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी २,००० अश्वशक्तीची. सहाव्यात विजेच्या मोटारी. सातव्यात मागच्या चार नळ्या आणि आणखी बिछाने. एकूण दहा नळ्या आणि २२ पाणतीर, म्हणजे दहा भरलेले आणि बारा राखीव. माणसं ७५च्या आसपास. कप्प्यांमधली दारं गोल आणि अरुंद, कारण सपाट भिंतीत भोक जितकं मोठं तितकी ती भिंत दाबाला दुबळी.

आणि आता बॅटरी. प्रेक्षक तिच्यावरून चालत जातात आणि बहुतेकांना पत्ताही नसतो, पण बोटीचा जीव तिथेच असतो. फॉक्सट्रॉटमध्ये शिसे-आम्लाचे ४४८ सेल. ११२ सेल एकापुढे एक जोडून एक गट, असे चार गट. मोटारीच्या बॅटरीत असतो तोच रासायनिक खेळ, फक्त इथला एकेक सेल माणसाच्या छातीइतका उंच आणि उचलायला यारी लागेल इतका जड. सेलचा दाब सुमारे दोन व्होल्ट, म्हणून एका गटाचे सव्वादोनशे. पाण्याखाली गेल्यावर पंखा, दिवा, पंप, सोनार (पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र), चूल आणि मोटार, सगळं या एकाच साठ्यावर.

या साठ्याचा खर्च वेगाच्या घनानं वाढतो. वेग दुप्पट केला की शक्ती आठपट लागते. दोन नॉटनं रांगत राहिलं तर भरलेली बॅटरी ४०० मैलांच्या आसपास पुरते, म्हणजे आठ दिवस. पूर्ण वेगानं, पंधरा नॉटनं पळालं तर तासाभरात संपते. रांगण्यासाठी फॉक्सट्रॉटमध्ये १४० अश्वशक्तीची वेगळी छोटी मोटार होती. पाणबुडीच्या कप्तानानं वेग वाढवायचा हुकूम देणं म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला पगार उडवणं आहे. पाठलागातून सुटण्यासाठी दहा मिनिटं पळावं, तर त्या दहा मिनिटांची किंमत पुढे कित्येक तास लपून राहण्याच्या क्षमतेतून वळती होते. म्हणून चांगला कप्तान आधीच योग्य जागी जाऊन बसतो आणि शत्रूला आपल्याकडे येऊ देतो.

बॅटरी भरायची म्हणजे डिझेल चालवायचं, आणि डिझेलला हवा हवी. रात्री वर यायचं किंवा पेरिस्कोपच्या खोलीवर राहून स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढायची. स्नॉर्केलच्या तोंडाशी झडप असते. लाट आली की ती आपोआप मिटते. मिटली तरी इंजिनं थांबत नाहीत, ती बोटीतलीच हवा ओढू लागतात. आतला दाब उतरतो, सगळ्यांचे कान एकदम दडे बसल्यासारखे होतात. लाट ओसरते, झडप उघडते, कान पुन्हा फुटल्यासारखे होतात. खवळलेल्या समुद्रात हे दर मिनिटाला, रात्रभर. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला तर इंजिन बंद करावंच लागतं. झडप अडकून उघडीच राहिली तर समुद्र थेट हवेच्या वाहिनीत, म्हणून नळीला आत दुसरी झडप असते आणि तिच्यापाशी माणूस उभा असतो. स्नॉर्केलवरची बोट बहिरीही असते. स्वतःच्या इंजिनांच्या घरघरीत तिला दुसऱ्या जहाजाचा पाणी कापणारा पंखा ऐकू येत नाही, तिचा आवाज मात्र दूरवर जातो. म्हणून काही वेळानं इंजिनं थांबवून कान द्यायचे आणि मग पुन्हा सुरू करायची.

भरण सुरुवातीला जोरात चालतं. सेल भरत आले की प्रवाह उतरवायचा, नाहीतर आम्लातलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीच्या खड्ड्यातली हवा सतत खेचून बाहेर टाकायची, हायड्रोजनमापकाचे आकडे ठरलेल्या वेळी वहीत लिहायचे आणि भरण संपल्यावरही बराच वेळ वायुवीजन बंद करायचं नाही. सेल तेव्हाही वायू सोडतच असतात. घात होतो तो इथे: काम संपलं असं वाटतं आणि पंखा लवकर थांबतो. आपल्या नौदलातला एक अपघात आठवण्याजोगा आहे. सिंधुरक्षक या दुसऱ्या, नव्या वर्गाच्या बोटीवर फेब्रुवारी २०१०मध्ये विशाखापट्टणमलाच बॅटरीच्या कप्प्यात स्फोट होऊन एक नौसैनिक गेला. सदोष झडपेतून हायड्रोजन गळाला होता.

सेलची निगा हे वेगळंच काम. प्रत्येक सेलची घनता हायड्रोमीटरनं मोजायची. भरलेल्या सेलमध्ये ती १.२५च्या वर, उतरलेल्यात बरीच खाली. पाण्याची पातळी बघून फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालायचं. ४४८पैकी एक सेल दुबळा पडला तरी दुर्लक्ष करून भागत नाही. गटातले सगळे एका साखळीत असल्यानं बाकीच्यांचा प्रवाह त्याच्यातून जबरदस्तीनं जातो. तो रिकामा झाल्यावर त्याचे ध्रुव उलटतात, तो तापतो, उकळतो. असा सेल वेळीच हुडकून, त्याच्या डोक्यावरून जोडपट्टी टाकून त्याला साखळीबाहेर काढावं लागतं. हे काम बॅटरीच्या खड्ड्यात आडवं पडून, खिशातली नाणी, घड्याळ, अंगठी बाहेर ठेवून, रबरी मूठ असलेल्या पान्यानं करायचं. आणि खाऱ्या पाण्याला तिथे प्रवेश नाही. समुद्राचं पाणी सेलमधल्या आम्लात गेलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि त्यावर खिडकी उघडायचा उपाय नसतो.

विजेनंतर वजन. पाण्याखालच्या बोटीचं वजन तिनं सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकंच हवं. जड झाली तर बुडत जाते, हलकी झाली तर वर तरंगते. कुरसुरा पाण्याखाली सुमारे २,४७५ टनांची. एवढ्या मोठ्या आकड्यात दोन-चार टन किरकोळ वाटतील, पण सगळी कसरत त्या दोन-चार टनांचीच असते.

मराठी वाचकानं नकाशा समोर घ्यावा. अरबी समुद्राचं पाणी खारट, एका किलोत ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी पाणी ओततात, त्यामुळे पावसाळ्यानंतर उत्तरेकडे वरच्या थरातलं मीठ ३०च्याही खाली जातं. मिठात सहा ग्रॅमचा फरक म्हणजे दर घनमीटरला साडेचार किलो. २,४००हून अधिक घनमीटरच्या बोटीला तेच सुमारे ११ टन होतात. म्हणजे मुंबईच्या पाण्यात अचूक तोललेली बोट तशीच उपसागराच्या गोड्या थरात बुडी मारायला गेली तर ती ११ टनांनी जड ठरेल आणि दगडासारखी खाली जाईल. उलट खाली खारट थर लागला की ती त्याच्यावर अडखळते, जणू न दिसणाऱ्या मजल्यावर टेकली. हे आधी ओळखून टाक्यांमधलं पाणी आत-बाहेर करायचं. नदीच्या मुखाजवळ, पावसानंतर, ऊन वाढल्यावर, प्रत्येक वेळी हिशेब नवा.

इंधनाचीही गंमत आहे. डिझेल जळत जातं तसं टाकीत खालून समुद्राचं पाणी भरत जातं, म्हणजे टाकी कधी रिकामी होत नाही आणि बाहेरचा दाब तिला चेपत नाही. पण पाणी डिझेलपेक्षा जड. एक घनमीटर डिझेल जळालं की बोट पावणेदोनशे किलोंनी जड होते. शंभर घनमीटर जळालं तर साडेसतरा टनांनी. इंधन संपत जातं तशी बोट जड होत जाते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. याच वेळी खाल्लेला तांदूळ, वापरलेलं गोडं पाणी, बाहेर टाकलेला कचरा तिला हलकी करत असतात. सुटलेल्या पाणतिराच्या जागी तेवढंच पाणी क्षणात घ्यावं लागतं, नाहीतर नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उसळते आणि शत्रूला बोटीचं तोंड दिसतं. तोल सांभाळणारा अधिकारी हा सगळा जमाखर्च दर पाळीला लिहितो. त्याच्या वहीत स्वयंपाकघराची नोंद आणि पाणतिराची नोंद एकाखाली एक येते.

बुडी मारायचा क्रम ठरलेला. डिझेल बंद. हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या वाहिन्या बंद. वरचं झाकण बंद, आणि ते बंद झाल्याचं तोंडानं ओरडून सांगायचं. मोटारी सुरू. आधी पुढच्या-मागच्या टोकांच्या टाक्या भरायच्या, बोट पाण्याबरोबर होते, मग मधल्या. घाई असेल तर जलदबुडीची वेगळी टाकी आधीच भरलेली असते, ती बोटीला खाली ओढते, आणि हव्या खोलीच्या जरा आधी दाबाच्या हवेनं ती फुंकून रिकामी करायची. उशीर झाला तर बोट ठरल्याच्या खाली घसरते. सगळ्यात घातक चूक म्हणजे हवेची मोठी झडप उघडी राहणं. मे १९३९मध्ये अमेरिकेची स्क्वॉलस पाणबुडी अशीच, पाण्याखाली गेल्यावर मुख्य हवेची झडप उघडी राहून बुडाली आणि २६ माणसं गेली. २५० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोंचा. तिथे करंगळीच्या नखाएवढं, एका चौरस सेंटिमीटरचं भोक पडलं तरी तासाला पंधरा टनांच्या आसपास पाणी आत येईल. आणि ते पाणी धारेसारखं येत नाही, माराच असतो तो. फवाऱ्यानं धुकं होतं आणि भोक कुठे आहे हेच दिसत नाही.

फॉक्सट्रॉट उत्तरेच्या थंड समुद्रांसाठी आखलेली होती. उष्ण पाण्यात तिचं काय होतं ते जगानं १९६२मध्ये पाहिलं. क्युबाच्या पेचप्रसंगात सोव्हिएत संघानं चार फॉक्सट्रॉट थंड उत्तरेकडच्या कोला द्वीपकल्पातून अटलांटिकमधल्या उबदार सारगासो समुद्राकडे पाठवल्या. आतलं तापमान ४५ अंशांच्या पुढे गेलं, पिण्याचं पाणी मोजून द्यावं लागलं. त्यातली बी-५९ अमेरिकी विनाशिकांच्या गराड्यात सापडली, आणि शेवटी बॅटरी संपत आल्यामुळे २७ ऑक्टोबरच्या रात्री तिला वर यावं लागलं. तिच्यावर अण्वस्त्राचा पाणतीर होता. बॅटरीची शिल्लक इतक्या मोठ्या प्रश्नाशी जाऊन भिडू शकते.

आपल्या खलाशांना असली उष्णता अपवादानं भोगावी लागली नाही, ती रोजची होती. समुद्राचंच पाणी २८-३० अंशांचं, त्यानंच इंजिनं आणि वातानुकूलन थंड करायचं, मग थंडावा येणार कुठून? आतली हवा दमट, थंड पत्र्यावर ती घामासारखी सुटते आणि विजेच्या पेट्यांवर ठिबकते. तारांच्या आवरणाचा विद्युतरोध उतरतो, कुठेतरी प्रवाह पत्र्यात झिरपायला लागतो. म्हणून दर पाळीला रोध मोजायचा, आकडा घसरला तर एकेक परिपथ तोडून गळती शोधायची. गोडं पाणी स्वयंपाकाला, पिण्याला आणि बॅटरीला; आंघोळीला उरत नाही. डिझेलचा वास कपड्यांत नाही, कातडीत मुरतो. संडास वापरायलाही झडपांचा क्रम पाठ हवा, कारण घाण बाहेरच्या दाबाविरुद्ध हवेनं ढकलायची असते. क्रम चुकला की ती परत अंगावर येते.

हवेचा हिशेब तिसरा. सोव्हिएत बनावटीच्या बोटींत रासायनिक पत्र्यांचे संच असतात. त्या कर्बवायू शोषतात आणि प्राणवायू सोडतात. मोठी सोय, पण तेल लागलं की त्या पेट घेतात. ऑगस्ट २०००मध्ये रशियाची कुर्स्क पाणबुडी बुडाली तेव्हा मागच्या कप्प्यात २३ माणसं जिवंत होती. त्यांच्या हवेचा शेवट अशाच पत्र्यांच्या आगीनं केला. तेलकट हातानं ती पेटी उघडायची नाही, हा नियम पाणबुडीच्या शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवण्याजोगा आहे. बाहेर पडायची वाट म्हणजे पाणतिराचीच नळी, व्यास ५३ सेंटिमीटर. सुटकेचा पोशाख घालून आत सरपटायचं, मागचं दार लावायचं, पाणी भरू द्यायचं, दाब सारखा झाला की पुढचं तोंड उघडायचं आणि वर सोडलेल्या तरंगत्या पिंपाच्या दोराला धरून चढायचं. दोराला गाठी असतात. प्रत्येक गाठीपाशी थांबायचं, नाहीतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. नळीत शिरताना आपण कितव्या क्रमांकावर आहोत, हे प्रत्येकाला आधीच माहीत असतं.

१९७१च्या नोव्हेंबरमध्ये कुरसुरा अरबी समुद्रात गस्तीला गेली. कप्तान कमांडर अरुण ऑडिटो. युद्ध अजून जाहीर झालं नव्हतं, त्यामुळे बंधनं कडक होती: ठरावीक क्षेत्राबाहेर जायचं नाही, समोरचं जहाज कुणाचं हे पक्कं ओळखल्याशिवाय हात उचलायचा नाही. पाणबुडीसाठी हे फार जड बंधन आहे. ओळख पटवायची तर जवळ जायचं, पेरिस्कोप वर काढायचा, आणि ज्या लपण्यावर सगळी ताकद उभी आहे तेच पणाला लावायचं. त्यात मुंबईसमोरचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा पाण्याखालचा पट्टा, किनाऱ्यापासून ३०० किलोमीटरच्या आसपास पसरलेला आणि उथळ. खाली लपायला खोली नाही, तळावरून परतणारे आवाज सोनारला फसवतात. विशाखापट्टणमसमोर मात्र ५० किलोमीटरच्या आतच समुद्र खोल होतो, म्हणून तिथे पाणबुड्यांचा तळ आयएनएस वीरबाहू मे १९७१मध्ये उभारला गेला, ही जाणकारांची निवड होती. ३ डिसेंबरला युद्धाला तोंड फुटलं आणि त्याच सुमारास कुरसुरा मुंबईला परतली. नऊ तारखेच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. एक बोट योग्य जागी, योग्य शिलकीनिशी बसून राहिली तर काय करू शकते, हे आपल्याला शत्रूकडून शिकावं लागलं. त्याचं दुःख नौदलात कित्येक वर्षं होतं, आणि ते असायलाच हवं होतं.

चौथा हिशेब सुट्या भागांचा, आणि कुरसुराच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण वर्षं त्यातली आहेत. ठरावीक वर्षांनी पाणबुडीची मोठी दुरुस्ती करावीच लागते: पत्र्याची जाडी तपासायची, समुद्राशी जोडलेली प्रत्येक झडप उघडून घासायची, बॅटरी बदलायची. ती सोय सुरुवातीला आपल्याकडे नव्हती. बोट सोव्हिएत गोदीत पाठवायची तर वर्ष-दोन वर्षं ती गेली, आणि भाग मागवायचे तर मागणीपत्र आणि पेटी यांच्यात महिने. सत्तरच्या दशकात चार नव्या बोटी आल्या, त्यांना चालू ठेवायला भाग हवे होते, आणि कुरसुरा धक्क्याला बांधून तिचे भाग काढून बहिणींना बसवले गेले. कुठल्याही नौदलात असं होतं. पण पंप काढला की त्याच्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात, त्यांत ओलावा शिरतो, न फिरणारे बेअरिंग गंजतात, न वापरलेले सेल मरतात. भाग देणारी बोट फक्त थांबत नाही, ती हळूहळू खंगते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघात मोठी दुरुस्ती होऊन ती पुन्हा समुद्रावर गेली. पुढची वर्षं तिनं मुख्यतः तेच केलं जे युद्धाइतकंच महत्त्वाचं आहे: आपल्या विनाशिकांना आणि हेलिकॉप्टरना शोधायला शिकवण्यासाठी स्वतः लपणं, आणि नव्या पोरांना बॅटरीच्या खड्ड्यात उतरवणं. आज पाणबुडीवर ज्येष्ठ झालेल्या कित्येकांनी पहिला हायड्रोमीटर फॉक्सट्रॉटवर हातात धरला.

निवृत्तीनंतर बहुतेक बोटी तोडायला जातात. कुरसुरा वाचली ती नौदलातले ॲडमिरल विनोद पसरिचा यांच्या कल्पनेमुळे. तिला किनाऱ्यापर्यंत ओढत आणून वाळूवर सुमारे ६०० मीटर खेचावं लागलं. पाण्यात तोल सांभाळणारी बोट जमिनीवर नुसती वजन असते: पोटात ताण येतो, कुठे टेकवली त्यावर पत्रा वाकतो, म्हणून खाली पायावर बसवावी लागली. ९ ऑगस्ट २००२ला संग्रहालयाचं उद्घाटन झालं. निवृत्त पाणबुडे तिथे वाट दाखवतात, आणि सणाच्या दिवशी जहाजांना पताकांनी सजवण्याचा नौदलाचा मान निवृत्तीनंतरही तिला मिळतो.

तिच्या वर्गाची नावं मुंबईत पुन्हा जन्माला आली. माझगाव गोदीत बांधलेल्या स्कॉर्पिन बोटी: २०१७मध्ये कलवरी, २०१९मध्ये खांदेरी, २०२१मध्ये करंज आणि वेला, २०२३मध्ये वागीर, २०२५मध्ये वागशीर. जुन्या आठांपैकी दोन नावं राहून गेली, वागली आणि कुरसुरा.

प्रेक्षकांना आत जाता यावं म्हणून तिच्या कुशीत दारं कापली आहेत आणि त्यांना जिने लावले आहेत. दाब सोसणाऱ्या पत्र्यात असं दार पडलं की ती बोट पुन्हा पाण्याखाली जाऊ शकत नाही. आता तिचा सामना फक्त खाऱ्या वाऱ्याशी आहे. पाण्यात असताना जस्ताचे ठोकळे स्वतः झिजून पत्रा वाचवत. हवेत तो उपाय चालत नाही. वारा फवारा आणतो, तो पत्र्याच्या सांध्यांत, जोडांच्या मागे, झाडू पोचत नाही तिथे मीठ ठेवून जातो. गंजलेला पत्रा कापून नवा लावायचा, खरवडायचं, रंग द्यायचा, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी पुन्हा सांधे तपासायचे.